उन्हाळ्याची कोंबडी, समुद्राचे वासरू

वेल्श भाषेतला एक शब्द आपल्याला आधीपासूनच येतो. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या पायांशी घुटमळणारी, आखूड पायांची, लांबट अंगाची कुत्री आपण फोटोत पाहिलेली असतात. त्या जातीचे नाव कॉर्गी. वेल्शमध्ये ‘कोर’ म्हणजे बुटका आणि ‘की’ म्हणजे कुत्रा. दोन्ही जोडून झाला ‘कोर्गी’, बुटका कुत्रा. वेल्सच्या डोंगरात गुरे हाकायला ही जात ठेवत. गुराने लाथ झाडली तर ती डोक्यावरून जावी, इतपतच या कुत्र्याची उंची.

पण ‘की’चा ‘गी’ का झाला? इथे थोडे थांबायला हवे, कारण वेल्शची सगळी खोडी आणि सगळी गोडी या एका बदलात आहे. आपल्याकडे नामाला प्रत्यय लागला की शेपटाकडून शब्द बदलतो. घोडा असतो, त्याचा ‘घोड्या’ होतो आणि मग त्याला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ लागतात. वेल्शमध्ये शब्द तोंडाकडून बदलतो. कुत्रा ‘की’, पण त्याचा कुत्रा म्हणजे ‘एइ गी’, तिचा कुत्रा म्हणजे ‘एइ खी’ आणि माझा कुत्रा म्हणजे ‘व ङ्ही’. क, ग, ख, ङ. आपण बालवाडीत घोकलेली ओळ! वळूला ‘तारू’ म्हणतात. त्याचा ‘दारू’, तिचा ‘थारू’, माझा ‘न्हारू’. त, द, थ, न. माशाला ‘पस्गोदिन’ म्हणतात आणि तिथे प, ब, फ, म अशीच फिरवाफिरव होते. पाश्चात्त्य विद्यार्थी हे बदल तक्ते लावून पाठ करतात. मराठी माणसाला त्यासाठी तक्ता नको, आपली वर्णमालाच तो तक्ता आहे. क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. शब्दाचे पहिले अक्षर घर सोडत नाही, घरातल्या घरात जागा बदलते. आणि जो ङ आपण शाळेत गिरवतो व जन्मभर वापरत नाही, तो तिकडे ‘माझा कुत्रा’ म्हणताना रोज तोंडात येतो.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ, पावसाळी देश. लोकसंख्या ३१ लाख. २०२१च्या जनगणनेत त्यातल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले. शंभरात अठराही नाहीत. वेल्श ही इंग्रजीची बोली नाही. ती केल्टिक कुळातली, ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या आधीपासून नांदणारी भाषा आहे. फ्रान्सच्या टोकाची ब्रेतॉन आणि कॉर्नवॉलची कॉर्निश या तिच्या सख्ख्या बहिणी. वेल्समध्ये माणसांच्या जवळजवळ तिप्पट मेंढ्या आहेत. हे शेवटचे वाक्य मी गंमत म्हणून लिहिले नाही. ज्या लोकांची हयात गुराढोरांत गेली, त्यांनी रानातल्या किड्यामुंग्यांना आणि समुद्रातल्या प्राण्यांना नावे देताना गोठ्यातलेच शब्द पुढे केले. वेल्श प्राणिनामांची किल्ली माझ्या मते तिथे आहे.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड भुंगेरा घ्या. मावा खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. वेल्शमध्ये तो ‘ब्यूख गोख गोता’, म्हणजे ‘आखूड लाल गाय’. नखाएवढा जीव, पण त्याला गाय म्हटले आहे. आयरिश भाषेत तो ‘देवाची चिमुकली गाय’ आहे आणि रशियनमध्येही देवाचीच गाय. आपल्याकडे मृग लागला की ओल्या मातीवर मखमली लाल किडे फिरू लागतात. अशा किड्याला मराठीत मृगाचा किडा म्हणतात; संस्कृतात तो ‘इंद्रगोप’, इंद्र ज्याचा राखणदार आहे असा. गोप म्हणजे गुराखी. जीव वेगळा, मुलूख वेगळा, पण इवल्याशा लाल जिवाकडे पाहून माणसाला देव आणि गुरेढोरे आठवली, ती दोन्हीकडे. आणि ओल्या भिंतीवरून घर पाठीवर घेऊन सरकणाऱ्या मुक्या जिवाला आपण गोगलगाय म्हणतोच की.

गायीनंतर कोंबडी. फुलपाखराला वेल्समध्ये काही भागांत ‘यार वाख अर हाव’ म्हणतात, ‘उन्हाळ्याची छोटी कोंबडी’. नाकतोड्याला ‘नेच्यातला कोंबडा’. कुरणातल्या नेच्यांतून टुणकन उडी मारून खरखर आवाज करणारा तो कोंबडाच, यात शंका नाही. (आपण त्याला नाकच तोडायला पाठवले, मराठी नावात जरा धाक आहे.) बिज्जूच्या जातीचा बॅजर हा ‘मातीतले डुक्कर’. ओंडक्याखाली राहणारा, हात लावताच आक्रसणारा राखाडी किडा हे ‘झाडाचे डुक्कर’. गिनीपिग परदेशातून आला तेव्हा त्याला ‘आखूड डुक्कर’ म्हणून मोकळे झाले. लेडीबर्डच्या नावातला ‘आखूड’ तोच इथला ‘आखूड’. सुरवंटाला मात्र कुठल्याही जनावराचे नाव नाही. तो ‘शानी व्लेवोग’. शानी हे बाईचे नाव, पुढचा शब्द म्हणजे केसाळ. केसाळ शानी. हे नाव एखाद्या लहान मुलानेच ठेवले असणार, असे मला नेहमी वाटते.

गोठा समुद्रापर्यंत पोचला. सील हा ‘मोर्लो’, समुद्राचे वासरू. खडकावर पडून ओल्या डोळ्यांनी पाहणाऱ्या सीलचा चेहरा एकदा चित्रात नीट बघा. वासरू म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. वॉलरस हा समुद्राचा घोडा. छोटा शार्क म्हणजे ‘मोर्गी’, समुद्राचा कुत्रा. नदीतला ऑटर ‘दव्रगी’, पाण्याचा कुत्रा. आपण त्याच प्राण्याला पाणमांजर म्हणतो. ऑटरला पोहताना पाहिले तर डोके कुत्र्याचे वाटते, काठावर बसून अंग चाटताना पाहिले तर मांजर वाटते. वेल्श माणसाने त्याला बहुधा पाण्यात पाहिले आणि आपण काठावर.

फुलपाखराला वेल्शमध्ये आणखी दोन नावे आहेत. ‘पिली-पाला’ हे पंखांच्या फडफडीसारखे वाजणारे, मुलांच्या तोंडचे. दुसरे ‘ग्लोइन ब्यू’, जिवंत निखारा. हे नाव कशावरून आले असेल याचा विचार करताना मला त्या बागांत सर्रास दिसणारे स्मॉल टॉर्टॉइजशेल नावाचे फुलपाखरू आठवते. पंख मिटून बसले की बाहेरची बाजू विझल्या कोळशासारखी काळपट दिसते. वाऱ्याची झुळूक आली, पंख उघडले की आत लालभडक नारिंगी. पुन्हा मिटले की कोळसा. चुलीपुढे बसून फुंकर मारणाऱ्या माणसाला हे नाव सुचायला किती वेळ लागला असेल? आणि या नावातला ‘ब्यू’, म्हणजे जिवंत, हा आपल्या ‘जीव’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता काट्यांकडे. वेल्शमध्ये ‘-ओग’ हा प्रत्यय आपल्या ‘-आळ’, ‘-वाला’ यांचे काम करतो. ‘द्राइन’ म्हणजे काटा, म्हणून साळिंदरासारखा काटेरी, पण मुठीएवढा हेजहॉग झाला ‘द्राइनोग’, काटेवाला. कोल्हा ‘ल्हुइनोग’, झुडपांतला. (इथला ‘ल्ह’ हा वेल्शचा प्रसिद्ध उच्चार आहे. जीभ ‘ल’ म्हणायला टेकवायची आणि आवाज न काढता दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा.) हे उत्तरेकडचे नाव, दक्षिण वेल्समध्ये कोल्ह्याला ‘कादनो’ म्हणतात आणि कोण कुठला ते कोल्ह्यावरून ओळखू येते.

पण या प्रत्ययाचा खरा ठेवा सशाच्या नावात आहे. रानसशाला म्हणतात ‘अस्गवार्नोग’. अर्थ: कानवाला. आता आजच्या वेल्शमध्ये कानाला शब्द आहे ‘क्लिस्त’. मग हा ‘अस्गवार्न’ कुठला? तो कानाचा जुना शब्द. बोलण्यातून तो कधीच गेला. कोणी आपल्या कानाला ‘अस्गवार्न’ म्हणत नाही. समुद्रापलीकडच्या ब्रेतॉन भाषेत मात्र कानाला अजून ‘स्कुआर्न’ म्हणतात. घरातून नाहीशी झालेली वस्तू बहिणीच्या घरी सापडावी, तसे हे. वेल्समध्ये तो शब्द उरला आहे फक्त सशाच्या अंगावर. माणसांनी टाकून दिलेला कान ससा शतकानुशतके डोक्यावर घेऊन पळतो आहे.

संख्येची गोष्ट थोडक्यात सांगतो. आपण एकापासून अनेकाकडे जातो: मुंगी, मुंग्या. वेल्शमध्ये घोळक्याने राहणाऱ्या जिवांचे उलट आहे. मूळ शब्द घोळक्याचा आणि एकासाठी प्रत्यय जोडायचा. ‘अदार’ म्हणजे पक्षी, अनेक. त्यातला एक हवा तर ‘अदेरिन’. ‘कोइद’ म्हणजे झाडे, एक झाड ‘कोइदेन’. मुंग्या, मधमाश्या, उंदीर, डुकरे, पाने, बर्चची आणि ओकची झाडे, सगळे असेच. मराठीला हा विचार अगदीच परका नाही. भात हा मूळ, त्यातले एक दाणाभर ते शीत. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आकाशातून थवा जाताना आधी थवाच दिसतो, एक पक्षी निवडायला नजर मागाहून स्थिर करावी लागते.

फुलांची नावे हा तर खजिनाच. एप्रिल-मेमध्ये ओकच्या रानात जमीन निळी करणारी ब्लूबेल ही ‘क्लखायर गोग’, कोकिळेच्या घंटा, कारण तिकडची कुक्कू ओरडायला आणि ही फुले यायला एकच गाठ पडते. वेल्सचे राष्ट्रीय फूल डॅफोडिल हे ‘केनिन पेदर’, पीटरचा लीक, म्हणजे एका पातीच्या कांद्याच्या भावंडाचे नाव फुलाला. डँडेलियन तेवढी ‘दांत अ ल्हेऊ’, सिंहाचा दात. उंच दांड्यावर जांभळ्या टोप्या लटकवणाऱ्या फॉक्सग्लोव्हला इंग्रजांनी कोल्ह्याचा हातमोजा म्हटले. वेल्शमध्ये ती ‘बसेद अ कून’, कुत्र्यांची बोटे. शास्त्रीय नाव डिजिटॅलिस, त्यातही बोटच आहे. हे झाड विषारी. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्याच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले आणि हृदयविकारावरचे एक जुने, मोलाचे औषध वैद्यकात रुजले.

पावसानंतर उगवणाऱ्या, खाऊ नये अशा भूछत्राला वेल्श माणूस ‘काउस ल्हफांत’ म्हणतो, बेडकाचे चीज. आपण म्हणतो कुत्र्याची छत्री. दोन्ही नावांत एकच सूचना आहे: हे आपल्यासाठी नाही, हात लावू नकोस. पोरांना वाचवायला नावाइतका स्वस्त उपाय दुसरा नसेल. पिवळ्या फुलांच्या टट्सन नावाच्या झुडपाला ‘बायबलांची पाने’ म्हणतात. त्याची पाने वाळली की मंद सुवास येतो, म्हणून ती बायबलात खूण म्हणून ठेवत. शाळेच्या पुस्तकात पिंपळाचे पान ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहिलेल्यांना हे नाव परके वाटणार नाही.

आणि गवत. गवताला वेल्शमध्ये ‘ग्लासवेल्ह्ट’ म्हणतात. शाळेत ‘ग्लास’ म्हणजे निळा असे शिकवतात. मग गवत निळे? तर जुन्या वेल्शमध्ये ‘ग्लास’ हा एकच शब्द आकाशाची निळाई, कोवळ्या पाल्याची हिरवाई आणि घोड्याचा राखाडी रंग, तिन्हींना चाले. हिरव्यासाठी आज जो वेगळा शब्द वापरतात तो लॅटिनमधून आला. गवताच्या नावात जुना हिरवा राहून गेला. खंड्या पक्षी मात्र खरोखर निळा: ‘ग्लास अ दोर्लान’, नदीकाठचा निळा. नावात पक्षी हा शब्दच नाही. नदीकाठी उभे असताना डोळ्यांना जेवढे कळते तेवढेच नाव आहे. एक निळी रेघ गेली, बस्स.

एका नावामागे पूर्ण कथाच आहे. ‘माबिनोगी’ हे वेल्शमधले मध्ययुगीन कथाचक्र. त्याची हस्तलिखिते चौदाव्या शतकातली, कथा त्याहून जुन्या. चौथ्या कथेत ल्हेऊ नावाच्या तरुणाला आईचा शाप असतो की पृथ्वीवरच्या कुठल्याही मानववंशातली बायको त्याला मिळणार नाही. तेव्हा माथ आणि ग्विदियोन हे दोन जादूगार ओकची फुले, ब्रूमची पिवळी फुले आणि मेडोस्वीटची फुले घेतात आणि त्यांतून एक स्त्री घडवतात. ती पुढे दुसऱ्यावर जीव लावते, दोघे मिळून नवऱ्याला मारायचा कट करतात. शिक्षा म्हणून ग्विदियोन तिला घुबड करतो. दिवसा तोंड दाखवायचे नाही, दिसलीस तर सगळे पक्षी तुझ्यावर तुटून पडतील, पण तुझे नाव जाणार नाही, असे तो सांगतो. तिचे नाव ब्लोदेइवेद, फुलांच्या चेहऱ्याची. घुबडाला अजून ब्लोदेइवेद म्हणतात, असे कथाच सांगते.

कथा बाजूला ठेवा आणि गव्हाणी घुबडाचा चेहरा आठवा. मधोमध दोन काळे डोळे, भोवती बदामाच्या आकाराची पांढरी पिसे, एकेक पीस पाकळीसारखे बाहेर वळलेले. कथाकाराने घुबड जवळून पाहिले होते. दिवसा घुबड दिसले की चिमण्या, कावळे, बुलबुल त्याच्यामागे लागतात, हे तर आपल्याही वडपिंपळावर रोज दिसते. एका नावात पक्ष्याचा चेहरा, त्याची सवय आणि एका बाईचे दुःख, तिन्ही मावली आहेत. रोजच्या बोलण्यात घुबडाला उत्तरेत ‘तल्हीअन’ म्हणतात आणि दक्षिणेत ‘गुदिहू’, जो नुसता त्याचा आवाज आहे. त्या तीन फुलांतले मेडोस्वीट, वेल्शमध्ये ‘एरवाइन’, तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातही पोचले आहे: त्याच्या स्पायरिया या जुन्या शास्त्रीय नावावरूनच १८९९ मध्ये ॲस्पिरिन हे नाव तयार झाले.

आता राहिलेले नाते. वेल्श आणि मराठी यांच्यामध्ये सात-आठ हजार किलोमीटर आहेत, पण दोघी एकाच फार जुन्या भाषेच्या नाती. ‘की’ची अनेकवचनी ‘कून’ आणि संस्कृत ‘श्वन्’, ‘शुनः’ एकच. गायीचा ‘ब्यूख’ आणि आपली गौ एकच. जिथे वेल्शने ‘ब’ घेतला तिथे संस्कृतने ग किंवा ज घेतला, म्हणूनच ‘ब्यू’ तिकडे आणि ‘जीव’ इकडे. बैलाचा ‘ईख’ हा ऋग्वेदातला उक्षन्. अस्वलाचा ‘आर्थ’ हा ऋक्ष, ज्यातून आपले रीस आले. घरट्याचा ‘निथ’ म्हणजे नीड. मधाची दारू ‘मेद’ म्हणजे मधु. ओकला ‘देरू’ म्हणतात आणि देवदारातले ‘दारु’ हे लाकूड त्याचेच भावंड. सिंहाच्या दातातला ‘दांत’ तर तसाच्या तसा आहे. जंगलात काय काय आहे याची जी यादी त्या मूळ माणसांनी केली, तिची एक प्रत अटलांटिकच्या काठी गेली आणि एक सह्याद्रीपर्यंत आली.

हे नाते जगापुढे ठामपणे मांडणाऱ्यांत सर विल्यम जोन्स अग्रणी. त्यांचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे. वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला पाय हे चिन्ह १७०६ मध्ये पहिल्यांदा वापरणारे गणिती ते हेच. मुलगा लंडनमध्ये जन्मला, कलकत्त्यात न्यायाधीश झाला आणि २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात त्याने सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमाच्या असल्या पाहिजेत. केल्टिकही त्याच घरची असावी. जोन्स वनस्पतींचाही अभ्यासक होता. भारतातल्या झाडांना युरोपीय माणसांची नावे चिकटवण्यापेक्षा त्यांची इथलीच नावे शास्त्रात घ्यावीत, असे त्याचे आग्रहाचे मत होते.

त्याच्या शंभर वर्षे आधी असाच एक वेल्श माणूस होऊन गेला, एडवर्ड ल्हुइड. १६९१ ते १७०९ तो ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख होता. त्याने वेल्सच्या गावोगावी छापील प्रश्नावली पाठवली: तुमच्याकडे कोणते दगड, कोणत्या वनस्पती, कोणते शब्द? मग स्वतः वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल, ब्रिटनी असा वर्षानुवर्षे फिरला आणि १७०७ मध्ये केल्टिक भाषांची तुलना करणारा ग्रंथ छापला. स्नोडन पर्वताच्या कड्यांवर त्याला एक नाजूक पांढरे फूल सापडले. ब्रिटनभरात ते फक्त त्या डोंगरातल्या मोजक्या कड्यांवर उगवते. आपल्या हिमालयातही आहे. ल्हुइडच्या नावाने १९७८ मध्ये वेल्श बोलणाऱ्या निसर्गप्रेमींनी एक संस्था काढली. एका किड्याला दहा गावांत दहा नावे असली की शाळेच्या पुस्तकात कोणते घालायचे? या संस्थेने तज्ज्ञ बसवून प्राण्यांची, वनस्पतींची, पतंगांची प्रमाण वेल्श नावे ठरवली आणि १९९४ पासून त्यांच्या याद्या छापल्या. गावच्या नावांना त्यामुळे धक्का बसेल अशी भीती मला वाटली होती. पण नाव अजिबात नसण्यापेक्षा, इंग्रजी नावच शिल्लक राहण्यापेक्षा, हे बरे आहे. वेल्श शाळेतल्या मुलालाही आज कदाचित खंड्याचे इंग्रजी नाव आधी कळत असेल. रॉबर्ट मॅकफार्लेन आणि जॅकी मॉरिस यांचे हरवत चाललेल्या निसर्गशब्दांवरचे इंग्रजी पुस्तक २०१७ मध्ये गाजले, ते २०१९ मध्ये मेरेरिद हॉपवुड यांनी वेल्शमध्ये नव्याने आणले. इंटरनेटवर जेलीफिशचे वेल्श नाव म्हणून ‘पस्गोदिन विबली वोबली’ फिरते, लोक हसतात आणि पुढे पाठवतात. ती थट्टा आहे. खरे नाव ‘स्लेवरेन वोर’, आणि भाषेचा अभिमान असणाऱ्यांनी खरे नाव पुढे पाठवावे.

वेल्शमधल्या राजा आर्थरच्या सगळ्यात जुन्या कथेत एक शोध आहे. माबोन नावाचा मुलगा तीन रात्रींचा असताना आईजवळून नाहीसा झाला, तो कुठे आहे? राजाची माणसे काळ्या कस्तुर पक्ष्याला विचारतात. तो म्हणतो, मी आलो तेव्हा इथे लोहाराची ऐरण होती, रोज चोच घासून ती मी सुपारीएवढी केली, पण माबोन ऐकला नाही. माझ्याहून जुना हरिण आहे. हरिण घुबडाकडे पाठवतो, घुबड गरुडाकडे, गरुड साल्मन माशाकडे. माशाला ठाऊक असते. महाभारताच्या वनपर्वात इंद्रद्युम्न राजा स्वर्गातून खाली पडतो, कारण पृथ्वीवर त्याचे नाव कोणाला आठवत नाही. तो मार्कंडेयाला विचारतो, मार्कंडेय त्याला प्रावारकर्ण घुबडाकडे नेतो, घुबड नाडीजंघ बगळ्याकडे, बगळा अकूपार कासवाकडे. कासवाचे डोळे भरून येतात. त्याला राजा आठवत असतो. एकाने दुसऱ्याकडून गोष्ट घेतली असे मी म्हणत नाही. पण नाव कोणाच्या लक्षात राहते, हे माणसाला न विचारता प्राण्यांना विचारावे, असे दोन्हीकडे वाटले आहे.

ल्हुइडच्या सन्मानार्थ स्नोडनच्या त्या फुलाच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी लॉइडिया नाव दिले. जोन्सच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, १७९५ मध्ये, विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या सीतेच्या अशोकाला जोनेसिया असोका असे नाव दिले. ज्याने झाडांना माणसांची नावे देऊ नका म्हटले, त्याचेच नाव झाडाला. आज दोन्ही नावे उरलेली नाहीत. वर्गीकरण बदलले, अशोक साराका झाला आणि स्नोडनचे फूल गेजिया. वेल्सच्या डोंगरात मात्र त्या फुलाला अजून ‘ब्रुइनदाइल अ मनिद’ म्हणतात, डोंगरातली लव्हाळपात. आणि अशोकाला आपण अशोकच म्हणतो.